मूठ कुणाच्या नावाची?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अकरावीच्या प्रवेशांची धांदल सुरू आहे. मागच्या आठवड्यात आपल्या दैनिकात त्याची बातमी वाचली. विज्ञान शाखेच्या जागा कुठे भरल्या, कुठे उरल्या याचा त्यात बारीक हिशेब होता आणि कला शाखेबद्दल एकच ओळ होती, 'विद्यार्थ्यांनी पाठ फिरवली'. त्या एका ओळीत माझा विषयही आला म्हणून हे पत्र. मी शहादा तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात १९ वर्षं समाजशास्त्र शिकवते.

माझ्याकडे मुलं कशी येतात ते आधी सांगते. दहावीला टक्के कमी पडले, गणिताची धास्ती बसली, घरी क्लासला पैसे नाहीत, नाहीतर मुलीचं दोन वर्षांनी लग्नच करायचंय, मग 'आर्ट्सला टाका'. २०२५पासून राज्यभर प्रवेश ऑनलाइन झाले, तेव्हापासून फॉर्म भरून देणारा सायबर कॅफेवालाच विषय सुचवतो. 'समाजशास्त्र घे, सोपं जातं, वाचून निघतं.' मुलगा मान हलवतो. वर्गात पहिल्या दिवशी मी विचारते, हा विषय का घेतला? चाळीस-पंचेचाळीस मुलांतून दोघं-तिघंही नीट उत्तर देत नाहीत. त्यात त्यांचा काही दोष नाही.

जागा, तासिका, आमच्या नोकऱ्या यांचं गाऱ्हाणं आज मांडायचं नाही. मला बोलायचंय ते वीस गुणांबद्दल.

अकरावीचं नवं पुस्तक २०१९-२०मध्ये आलं, बारावीचं त्याच्या पुढच्या वर्षी. तेव्हापासून लेखी परीक्षा ८० गुणांची आणि २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे, प्रकल्पाचे. पुस्तकं वाईट नाहीत. अकरावीत संस्कृती, सामाजीकरण, सामाजिक संस्था, स्तरीकरण हे धडे आहेत. बारावीत आदिवासी, ग्रामीण आणि नागरी समाज, मग परिवर्तनाच्या प्रक्रिया, चळवळी, समस्या. माझ्या वर्गात धडगावचा पावरा मुलगा, तळोद्याची भिल्ल मुलगी आणि शहाद्याच्या पाटलांचा मुलगा एका बाकावर बसतात. नंदुरबार जिल्ह्यात २०११च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. त्या धड्याला यापेक्षा चांगलं उदाहरण कुठून आणायचं? आणि तरीही मुलं तो धडा पाठ करतात, जणू आदिवासी समाज कुठेतरी लांब, पुस्तकाच्या चित्रातच असतो.

प्रकल्पाचं काय होतं? कॉलेजच्या फाटकासमोर झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे तयार मिळतो. प्लास्टिकचं कव्हर, आत प्रमाणपत्र, मग ऋणनिर्देश, मग 'हुंडा : एक सामाजिक समस्या'. 'आम्ही ५० कुटुंबांचा अभ्यास केला' असं त्यात छापलेलं असतं आणि मुलगा एकाही उंबऱ्यावर गेलेला नसतो. एका वर्षी अकरा फायलींमध्ये 'सर्वेक्षण' हा शब्द एकाच ठिकाणी एकाच पद्धतीने चुकलेला सापडला. मी त्या अकराही फायलींवर सही केली आणि सोळा-सोळा गुण दिले. निकाल लागायचा होता, वरून यादी मागत होते, वर्ग मोठा होता. ही कारणं खरी आहेत, पण सही माझी होती आणि ती मला अजून टोचते.

ती टोचणी नेमकी कधी लागली तेही सांगते. माझा धाकटा भाऊ सिडनीत असतो. त्याची मुलगी, माझी भाची, तिकडे बारावीला होती. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यातही बारावीच्या परीक्षेला एचएससीच म्हणतात. तिने घेतलेल्या विषयाचं नाव 'सोसायटी अँड कल्चर', म्हणजे समाज आणि संस्कृती. तिथे लेखी पेपर ६० गुणांचा आणि प्रकल्प ४० गुणांचा. विषय विद्यार्थ्याने स्वतः निवडायचा, माणसांशी बोलायचं, दुसऱ्या एखाद्या संस्कृतीशी किंवा गटाशी तुलना करायची, काळाबरोबर काय बदललं नि काय टिकलं ते दाखवायचं आणि काम कसं झालं याची नोंदही लिहायची. ही फाईल त्यांच्या शिक्षकाकडे राहत नाही, बोर्डाचे परीक्षक तपासतात.

तिने निवडलेला विषय होता, कुटुंबात माणसं कशी मोजली जातात. त्यासाठी तिने एका रविवारी व्हिडिओ कॉल करून माझ्या आईला कानबाईबद्दल विचारलं. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, अमळनेर तालुक्यात बोरीकाठच्या गावी राहते. ती बोलते अहिराणी, नातीला येतं तुटकं मराठी, म्हणून मधे दुभाषी मी.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळालाच देवी मानून सजवतात, रात्रभर गाणी होतात, सोमवारी वाजतगाजत नदीवर नेतात. रोट हा तिचा नैवेद्य. रोटाचे गहू मोजून घेतात. आमच्या घरी पद्धत अशी की घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. तान्हा मुलगा असला तरी त्याची मूठ. त्या पिठाच्या पुरणपोळ्या, सोबत खीर आणि गंगाफळाची भाजी. रोट भाऊबंदांतच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत आणि पुनवेच्या आत संपवायचे. पुण्यात, सुरतेत गेलेली माणसं दिवाळीला एखादवेळ येणार नाहीत, पण रोटाला येतात.

आईने नातीला कौतुकाने सांगितलं, "तुना बापनी मूठ अजून लेतस आम्ही. तो तठे ऱ्हास ते काय व्हयनं?" भाचीने विचारलं, आणि माझी?

आई हसली. म्हणाली, मुलींची घेत नाहीत.

भाची म्हणाली, मग आजी, तुझी मूठ कोण घेतं?

मी दुभाषी होते, पण तो प्रश्न मला लगेच पुढे सरकवता आला नाही. आईला तो न सांगताच समजला होता. ती थोडा वेळ हातातल्या बांगड्या मागेपुढे करत राहिली. मग म्हणाली, "मन्ही मूठ कोनीच लिधी नही, माय. मी ते मोजनारी."

माहेरी नाही, सासरी नाही. लग्न होऊन आल्यापासून साठ वर्षं ती सूप घेऊन बसते, एकेक नाव घेते, मूठ भरते, वर पाव मूठ टाकते. दिराची, जावांच्या मुलांची, नातवांची, गेल्या साली जन्मलेल्या पणतवाची. मी तिच्या शेजारी बसून लहानपणापासून हे पाहिलं. समाजशास्त्रात एम.ए. केलं, 'पितृवंशीय कुटुंब' ही व्याख्या फळ्यावर शेकडो वेळा लिहिली. पण हा प्रश्न मी माझ्या आईला कधी विचारला नव्हता. तो विचारायला सिडनीची पोरगी यावी लागली, आणि तिनेही तो विचारला कारण तिच्या बोर्डाने तिला चाळीस गुण त्यासाठीच ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी मी हा प्रसंग वर्गात सांगितला. पुस्तक बंद ठेवायला लावलं आणि म्हटलं, या वर्षी झेरॉक्सची फाईल मी घेणार नाही. प्रत्येकाने आपल्या घरात, आपल्या गावात एक गोष्ट शोधायची, जिथे माणसं मोजली जातात. कोण मोजतं, कुणाला मोजतात, कुणाला नाही.

धडगावकडचा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, मॅडम, आमच्याकडे रोट नसतात. मी म्हटलं, मग काय असतं ते सांग. त्याने होळीचं सांगितलं. सातपुड्यात होळी सगळ्या गावांची एकाच दिवशी नसते. आज या गावाची, उद्या त्या गावाची, कारण आपल्या होळीला पाहुणा यायचा असेल तर त्याच्या होळीला आपण जायला नको का? आधी भोंगऱ्या, म्हणजे होळीचा बाजार, मग एकामागून एक होळ्या. काठी गावच्या राजवाडी होळीला लोक रात्रभर चालत येतात. मी इतकी वर्षं 'सामाजिक एकात्मता' शिकवत होते. त्या मुलाने ती दोन मिनिटांत शिकवली. शहाद्याची मुलं त्याच्याकडे वळून बघत होती. त्याच वर्गात पुढे समाजशास्त्रज्ञ घुर्ये आणि मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन यांचा वाद घेतला. घुर्ये आदिवासींना मागासलेले हिंदू म्हणत, एल्विन यांचं म्हणणं त्यांना बाहेरच्यांच्या शोषणापासून जपलं पाहिजे. तेव्हा याच मुलाने विचारलं, आम्हाला कुणी विचारलं होतं का? हा वाद इतक्या जिवंतपणे शिकवणं माझ्याच्याने याआधी कधी झालं नव्हतं.

दुसरा मुलगा कमी बोलणारा. दिवाळी झाली की वर्गातून गायब, परीक्षेला उगवणार. घरचे ऊसतोडीला गुजरातेत जातात, बारडोलीच्या बाजूला. त्याने आपल्या पाड्यावरच्या आठ कुटुंबांचं लिहून आणलं, आखीव वहीच्या चौदा पानांवर, खाडाखोड भरपूर. मुकादम पावसाळ्यात उचल देतो, त्या पैशावर घर चालतं आणि मग दिवाळीनंतर ती फेडायला जावं लागतं. हे मला ऐकून ठाऊक होतं. पण एका ठिकाणी त्याने लिहिलं होतं, 'आमच्या पाड्यातून ११ कोयते गेले.' मी विचारलं, कोयते म्हणजे? तो माझ्याकडे बघतच राहिला, एवढंही कसं ठाऊक नाही म्हणून. नवरा-बायको मिळून एक कोयता, मॅडम. एकटा माणूस असला तर अर्धा.

पुढच्या पानावर त्याची दोन वाक्यं होती, ती मी माझ्या डायरीत उतरवून घेतली. 'आई बापाच्या आधी उठते, भाकरी करते, मग फडात जाते, मोळी डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत तीच नेते. मुकादमाच्या वहीत तिचं नाव नाही.'

आईची मूठ नाही आणि या मुलाच्या आईचा कोयता नाही. एक बोरीकाठची बागायतदारीण, एक सातपुड्यातली मजूर. दोघी एकमेकींना कधी भेटणार नाहीत. त्यांच्यातला धागा दिसतो तो याच विषयात, आणि तोही फळ्यावरची व्याख्या लिहून नाही, वही घेऊन बसल्यावर. त्या दिवशी 'लिंगभाव' आणि 'स्तरीकरण' हे शब्द मला कुणाला पाठ करायला सांगावे लागले नाहीत.

खानदेशातून बारडोलीला जाणाऱ्या या ऊसतोड मजुरांचा अभ्यास १९७०च्या दशकात यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने केला. नेदरलँड्सहून माणूस येतो, फडात जातो, आमच्या माणसांना विचारतो, जगाला सांगतो. त्यांचे उपकारच आहेत. पण ज्या मुलाची आई त्या फडात आहे, त्याला आम्ही 'हुंडा : एक सामाजिक समस्या'ची झेरॉक्स विकत घ्यायला लावतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. एका मुलीने घरी रोटाच्या वेळी आजीला तोच मुठीचा प्रश्न विचारला. तिचे काका कॉलेजात आले, रागावलेले. मुलींना देवाधर्माच्या विरोधात शिकवता का, म्हणाले. मी त्यांना स्टाफरूममध्ये बसवलं, चहा मागवला. म्हटलं, तुम्ही सांगा, मूठ पुरुषाचीच का? ते बराच वेळ बोलले. रोट म्हणजे भाऊबंदांची मोजदाद आहे, मुलगी दुसऱ्या भाऊबंदांत जाते, म्हणून तिची इथे धरत नाहीत, अपमान करायचा हेतू त्यात नाही. मी म्हटलं, मग बायकोची तरी धरता का? ते गप्प झाले आणि निघून गेले. त्या मुलीला मी सांगितलं, काकांनी जे सांगितलं तेही जसंच्या तसं लिही, त्यांचं म्हणणं वगळू नकोस. तिने लिहिलं. तिच्या घरी अजून तिची मूठ घेत नाहीत. आपण तिथे भांडण लावायला गेलो नव्हतो, समजून घ्यायला गेलो होतो, हे तिला कळलं. काकांना कळलं की नाही, मला सांगता येणार नाही.

लोक विचारतात, याचा उपयोग काय? स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना ठाऊक आहे, यूपीएससीच्या मुख्य परीक्षेला समाजशास्त्र हा वैकल्पिक विषय आहे. पण माझी बहुतेक मुलं तिथे जाणार नाहीत. ती पोलीस भरतीला जातील, आशाताई होतील, अंगणवाडीत लागतील, ग्रामपंचायतीत बसतील, सुरतेला जातील. दुसऱ्याच्या उंबऱ्यावर उभं राहून नीट प्रश्न विचारणं आणि उत्तर ऐकून घेणं या सगळ्यांना लागणार आहे.

आणि दारोदार जाऊन टिपून ठेवण्याची रीत खानदेशाला काही नवी नाही. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव दप्तरं धुंडाळत हिंडले आणि धुळ्यातच त्यांनी १९२६मध्ये देह ठेवला. पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत तेव्हा छात्रालयातल्या मुलांसाठी हाताने लिहिलेलं दैनिक काढत. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी घरातल्या मुलांनी कागदावर उतरवली म्हणून आज आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. माझ्या विद्यार्थिनींच्या आज्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर जी गाणी म्हणत, त्यातली किती आता कुणाला येतात? कोण उतरवून घेणार ती?

माझं मागणं मोठं नाही. बोर्डाने प्रकल्पाचे गुण वाढवावेत, निदान काही फायली बाहेरच्या परीक्षकाकडून तपासून घ्याव्यात, म्हणजे झेरॉक्सचा धंदा आपोआप बसेल. वेळापत्रकात गावात जाण्यासाठी तासिका द्याव्यात. आता मी मुलांना रविवारी नेते, जीपचं भाडं आम्ही वर्गणीने काढतो, आणि तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांकडून तशी अपेक्षा करणं बरोबर नाही. आणि चांगले प्रकल्प ग्रंथालयात ठेवावेत. आज ते उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांबरोबर रद्दीत जातात. त्या ऊसतोडीच्या चौदा पानांची मी स्वतःच्या पैशाने प्रत काढून ठेवली आहे, नाहीतर तीही किलोच्या भावाने गेली असती.

आपल्याकडे एक विनंती. रविवारच्या पुरवणीत महिन्यातून एकदा अर्धा रकाना द्या. अकरावी-बारावीची मुलं आपल्या गावाबद्दल लिहितील. मी व्याकरण तपासून पाठवीन, मजकुराला हात लावणार नाही. ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांची नावं बदललेली असतील.

येत्या श्रावणात कानबाईच्या रविवारी माझी चौदा मुलं-मुली जोडीने गावोगाव जाणार आहेत, शहादा तालुक्यात आणि काही अमळनेरकडे. रोटाच्या घाईत त्यांना दारातून परत पाठवू नका. बसवून घ्या. रोट त्यांना देऊ नका, तुमचा नेम आहे तो आम्ही मोडणार नाही. फक्त मूठ मोजताना त्यांना शेजारी बसू द्या.

माझ्या आईकडेही दोघं जाणार आहेत. तिचा परवा फोन आला होता, पोरं नक्की कधी येतात विचारायला. पूर्वी रोटाचं दळण असलं की गिरणीवाला आदल्या रात्री गिरणी धुऊन ठेवायचा आणि पहिलं पीठ कुणाचं यावरून बायकांची कशी रांग लागायची, ते तिला सांगायचं आहे. नातीला सांगायचं राहून गेलं, म्हणाली.

आपली,
समाजशास्त्राची एक शिक्षिका,
शहादा, जि. नंदुरबार